हेडफोनमधून अचानक मोठा आवाज आल्यापासून उजव्या कानाला दडा बसला आहे. तज्ज्ञांकडे लगेच जावे का?

मंद्रसप्तक, पुणे (सोमवार, रात्री 10.40)

नमस्कार. गेली आठ वर्षे मी हेडफोनवर शास्त्रीय संगीत ऐकण्याचा छंद जोपासत आलो आहे. परवा, शनिवारी रात्री, माझ्या हातून एक चूक झाली आणि तेव्हापासून उजवा कान पूर्वीसारखा नाही. श्रवणतपासणीचे काम करणारी काही मंडळी येथे लिहितात हे ठाऊक असल्यामुळे घडलेले सगळे सविस्तर मांडतो.

टेबलावरच्या ॲम्प्लिफायरला 300 ओहमचे मोठे हेडफोन जोडून मी सारंगीचे एक जुने ध्वनिमुद्रण ऐकत होतो. ध्वनिमुद्रणाची पातळी मुळातच कमी असल्यामुळे गेनचे, म्हणजे ॲम्प्लिफायर आवाज किती पट वाढवतो ते ठरवणारे, बटण 'हाय'वर होते आणि आवाजाचा नॉब निम्म्याच्या पुढे फिरवलेला होता. नुकतेच घेतलेले आयईएम, म्हणजे कानाच्या नळीत घट्ट बसणारे इअरफोन, त्याच ध्वनिमुद्रणावर कसे वाजतात हे पाहावे म्हणून मी गाणे थांबवले, पिन बदलली आणि उजवी टिप कानात नीट बसवली. नॉब खाली आणायचा राहून गेला. डावी टिप बसवत असताना कीबोर्डला कोपर लागले आणि द्रुत लयीतली तबल्याची थाप थेट उजव्या कानात कोसळली. टिप ओढून काढेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले असतील.

त्या क्षणापासून कान सुन्न आहे. आत कापूस कोंबल्यासारखे वाटते आणि शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी लांबून ऐकू यावी तसा एक बारीक सूर सतत वाजत राहतो, फक्त ही शिट्टी थांबत नाही. रविवारी सकाळी अंगठा आणि तर्जनी कानाजवळ एकमेकांवर घासून पाहिली, तर डाव्या कानाला ती सळसळ स्पष्ट ऐकू आली आणि उजव्याला अजिबात आली नाही. रक्त किंवा पाणी आलेले नाही, चक्कर नाही, फारसे दुखतही नाही.

रविवारीच आमच्या भागातल्या एका दवाखान्यात गेलो. तेथे टॉर्चने पाहून 'मळ आहे, थेंब घाला आणि आठवडाभर वाट पाहा' असे सांगण्यात आले. आई लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडायला सांगते, कारण लहानपणी आमचे कान दुखले की ती तेच करत असे. मी अजून थेंबही घातलेले नाहीत आणि तेलही नाही. मला मधुमेहाची सुरुवात आहे आणि गोळी चालू आहे, हेही सांगून ठेवतो.

आठवडाभर थांबणे योग्य आहे का, कोणत्या तपासण्या कराव्यात, आणि हेडफोनच्या छंदाविषयी डॉक्टरांना नेमके काय सांगावे, एवढे कृपया सांगावे. दवाखान्यात 'हेडफोन' हा शब्द उच्चारताच पुढचे बोलणे ऐकून घेतले गेले नाही, म्हणून शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारत आहे.

श्रवणरेषा, नाशिक (सोमवार, रात्री 11.25)

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. आठवडाभर थांबू नका, उद्या सकाळीच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि त्याच दिवशी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, होईल असे पाहा. त्या दवाखान्यातील डॉक्टरांना मळ दिसला असेल आणि तो खरोखर असेलही, पण मोठ्या आवाजानंतर त्याच क्षणी कमी झालेले ऐकणे हे मळामुळे आहे असे तपासणीवाचून गृहीत धरता येत नाही.

घाईचे कारण असे. आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते आणि तिच्यात आतल्या बाजूच्या सुमारे 3,500 व बाहेरच्या बाजूच्या सुमारे 12,000 केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, असतात. मोठ्या आवाजाच्या आघाताने या पेशी थकतात, काही वेळा सावरतात आणि काही वेळा मरतात. मेलेली केसपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. ऐकणे अचानक कमी झाल्यास तज्ज्ञ स्टेरॉइडचा विचार करतात, आणि त्याचा उपयोग व्हायचा असेल तर तो पहिल्या काही दिवसांत, फार तर पहिल्या दोन आठवड्यांत होण्याची शक्यता अधिक असते. आवाजाच्या आघातात स्टेरॉइड किती गुण देते याचा पुरावा कारण न सापडणाऱ्या बहिरेपणाच्या मानाने कमी आहे, त्यामुळे ते तुम्हाला द्यावे की नाही हे कान पाहिलेल्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. पण त्यांना ते ठरवता यावे म्हणून तुम्ही वेळेत त्यांच्यासमोर असले पाहिजे. स्टेरॉइडमुळे रक्तातील साखर चढते, म्हणून मधुमेहाची गोष्ट पहिल्या दोन वाक्यांतच सांगा. रक्तदाब किंवा पोटात व्रण असल्यास तेही सांगा.

तोंड मिटून बेताच्या आवाजात 'म्म्म्' असा एक सूर धरा आणि तो कोणत्या कानात जास्त ऐकू येतो ते पाहा. मळ, सर्दी किंवा पडद्याचे छिद्र यांमुळे आवाजाची वाट अडली असेल, तर हा सूर बहुधा दुखऱ्या कानात मोठा वाटतो, आणि इजा अंतर्कर्णाला असेल, तर तो चांगल्या कानाकडे सरकतो. हेच डॉक्टर 512 हर्ट्झचा कंपनकाटा (ट्यूनिंग फोर्क) तुमच्या कपाळावर ठेवून नीट करतील. घरच्या प्रयोगाचे उत्तर काहीही आले तरी उद्याची भेट टाळू नका.

डॉक्टर दुर्बिणीने पडदा पाहतील. ही पायरी फार महत्त्वाची आहे, कारण घट्ट बसलेली टिप झटक्यात ओढून काढल्यास नळीत निर्वात ताण निर्माण होतो आणि क्वचित पडद्याला इजा होते. पडदा शाबूत आहे हे कोणी पाहिलेले नसताना कानात काहीही सोडू नये. छिद्र असेल तर कोमट तेल थेट मध्यकर्णात उतरते आणि संसर्गाला वाट मिळते, शिवाय काही औषधी थेंब छिद्रातून आत गेल्यास अंतर्कर्णालाच अपाय करू शकतात. आईंचा जिव्हाळा खरा आहे, परंतु तेलाने अंतर्कर्णातली इजा भरून येत नाही, हे त्यांना समजावून सांगा.

त्यानंतर ध्वनिरोधक खोलीत शुद्धस्वर ऑडिओमेट्री होईल. 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे सूर एकेका कानाला ऐकवून, ऐकू येणारी सर्वांत लहान पातळी डेसिबलमध्ये आलेखावर मांडतात; आकडा जितका मोठा, तितके ऐकणे कमी. आवाजाने झालेली इजा बहुधा 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यात, विशेषतः 4000 जवळ, खळगा पाडते. मध्यकर्णाची स्थिती टिंपॅनोमेट्रीने कळते. हे कागद जपून ठेवा, कारण पुढच्या तपासणीची तुलना याच आलेखाशी होणार आहे.

डॉक्टरांना छंदाची माहिती यंत्रांच्या नावांनी देऊ नका, घटनेच्या रूपाने द्या. 'शनिवारी रात्री अकरा वाजता, कानात घट्ट बसलेल्या इअरफोनमधून, दोन-तीन सेकंद, असह्य मोठा आवाज उजव्या कानात आला आणि त्याच क्षणापासून ऐकू कमी येते व शिट्टी वाजते' हे एक वाक्य लिहून न्या. हे ऐकल्यावर कोणताही तज्ज्ञ तो प्रकार ध्वनिआघात म्हणूनच तपासेल. रोज किती तास ऐकता हे दुसऱ्या वाक्यात सांगा.

तोपर्यंत दोन्ही कानांना हेडफोन लावू नका. फोनवरचे सूर-जनित्र लावून 'कुठपर्यंत ऐकू येते' हे तपासण्याचा मोह हेडफोनप्रेमींना हमखास होतो, तो टाळा, कारण ऐकू येत नाही म्हणून माणूस आवाज वाढवत जातो आणि इजा झालेल्या कानावर नवा मारा होतो. गरगरणे, कानातून रक्त किंवा पाणी, चेहऱ्याची एक बाजू सैल पडणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठा.

ढोलवादक, सदाशिव पेठ (मंगळवार, सकाळी 7.10)

मी वेगळे मत नोंदवतो. पथकात बारा वर्षे ढोल वाजवला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्हा सर्वांचेच कान गुंजतात आणि दोन दिवसांत आपोआप मोकळे होतात. एवढ्याने घाबरून स्टेरॉइडच्या वाटेला जाणे मला पटत नाही. कान विश्रांतीने बरा होतो, हा आमचा अनुभव आहे.

श्रवणरेषा, नाशिक (मंगळवार, सकाळी 8.00)

तुमचा अनुभव खोटा नाही. ऐकण्याची पातळी तात्पुरती खाली जाऊन काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत वर येणे ही सर्रास घडणारी गोष्ट आहे. मात्र प्रश्नकर्त्यांची तिसरी सकाळ उजाडली आहे, एकच कान बाधित आहे आणि बोटांची सळसळही त्या कानाला पोहोचत नाही. ही दुसऱ्या दिवशी विरणारी गुंज नव्हे.

दुसरी गोष्ट मी पथकातल्या मुलांच्या काळजीपोटी लिहिते. 2009 साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात आवाजाच्या आघातानंतर उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली आणि केसपेशीही शाबूत राहिल्या, तरी केसपेशी व श्रवणतंतू यांच्यातील जोडण्यांचा मोठा भाग कायमचा नष्ट झाल्याचे दिसून आले. माणसात हे कितपत घडते याचा अभ्यास अद्याप चालू आहे. तथापि 'गुंज गेली म्हणजे काही झालेच नाही' हे विधान आता कोणी छातीठोकपणे करू शकत नाही. कानात घातलेल्या कापसाने फार थोडा आवाज अडतो. सरावालाही योग्य इअरप्लग वापरा, ही माझी कळकळीची विनंती आहे, आणि दरवर्षी गणेशोत्सवापूर्वी एक आलेख काढून ठेवा.

तंबोऱ्याची जवार, मुंबई (मंगळवार, सकाळी 9.30)

मंद्रसप्तक, आज जाणार आहात ना? मी गेलो नव्हतो, म्हणून लिहितो.

माझा प्रसंग चार वर्षांपूर्वीचा आहे. संगणकाला जोडलेल्या यंत्रणेचे नियंत्रण बिघडले आणि दोन्ही कानांत पूर्ण शक्तीने खरखर आली. डाव्या कानात शिट्टी राहिली आणि गायकाचा आवाज मध्यभागातून थोडा उजवीकडे सरकल्यासारखा वाटू लागला. आपण हेडफोनवाले अशा वेळी जे करतो तेच मी केले. आधी केबल बदलली, मग टिप्स बदलल्या, मग डावी-उजवी बाजू उलटी लावून पाहिली. यंत्र निर्दोष आहे हे कळल्यावर मी इक्वलायझर, म्हणजे वेगवेगळ्या सुरांची पातळी कमी-जास्त करण्याची सोय, उघडला आणि डाव्या बाजूची 4000 हर्ट्झची पट्टी 6 डेसिबलने उचलली. गायकाचा आवाज पुन्हा मध्यभागी आला आणि मला समाधान वाटले. इजा झालेल्या कानाच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर मी रोज दोन तास जास्त आवाज टाकत होतो, आणि असे मी चार महिने केले.

शेवटी पत्नीच्या आग्रहाने वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणतपासणी करून घेतली. त्या खोलीचे जाड दार बंद झाल्यावरची शांतता मी विसरणार नाही, कारण त्या शांततेत माझ्या शिट्टीखेरीज दुसरे काहीच उरले नाही. सूर ऐकू आला की हातातले बटण दाबायचे होते. उजव्या कानाला मी भराभर दाबत गेलो. डाव्या कानाच्या वेळी मध्येच बराच वेळ काही झाले नाही, तेव्हा यंत्र थांबले असावे असे मला वाटले. ते थांबले नव्हते, सूर चालू होते. कागदावर उजव्या कानाचे लाल गोल वरच्या ओळीत होते आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या 4000 पाशी 50 डेसिबलपर्यंत उतरल्या होत्या.

डॉक्टरांनी रागावून नव्हे, तर हळहळून सांगितले की आता औषधाची वेळ निघून गेली आहे. पहिल्या आठवड्यात गेलो असतो तर कान नक्की सुधारला असता असे कोणीही म्हणू शकत नाही, मलाही ते ठाऊक आहे. परंतु प्रयत्न करण्याची संधी मी स्वतः गमावली, ही टोचणी शिट्टीहून अधिक त्रास देते. आता रात्री पंखा चालू ठेवून झोपतो, कारण संपूर्ण शांततेत कर्णनाद उठून दिसतो. हळू आवाजातला पाऊस लावूनही काम भागते. संगीत सुटलेले नाही, ते आता स्पीकरवर आणि बेताच्या आवाजात ऐकतो.

ओहम आणि व्होल्ट, ठाणे (मंगळवार, दुपारी 1.15)

वैद्यकीय बाजूवर बोलण्याचा मला अधिकार नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आहे आणि हा अपघात घडतो कसा हे आकड्यांत सांगतो, कारण नॉब निम्म्याच्या थोडासाच पुढे होता म्हणजे आवाज थोडासाच जास्त असेल, असा समज सर्वत्र आहे.

तुमचे 300 ओहमचे हेडफोन 1 व्होल्टला सुमारे 100 डेसिबल देतात असे धरा. आता 16 ओहमचे आणि 1 मिलीवॅटला 110 डेसिबल देणारे आयईएम घ्या. त्यांना तोच 1 व्होल्ट दिल्यास सुमारे 62 मिलीवॅट शक्ती पोहोचते, म्हणजे 110 वर आणखी 18 डेसिबलची भर पडून पातळी 128 होते. नॉब तसूभरही न हलवता 28 डेसिबलचा फरक पडला, आणि ध्वनीची तीव्रता सहाशे पटींहून अधिक झाली. 80 डेसिबलवर निवांत चाललेले ऐकणे 108 वर गेले आणि तबल्याची थाप सरासरीच्या आणखी 10 डेसिबल वर असेल, तर त्या दोन सेकंदांत कानाने काय सोसले असेल याची कल्पना येईल. अमेरिकेच्या निओश या संस्थेच्या शिफारशीत 85 डेसिबलला 8 तास आणि त्यापुढे दर 3 डेसिबलला निम्मा वेळ असा हिशेब आहे, त्यानुसार 100 डेसिबलला 15 मिनिटे मिळतात आणि 109 ला दोन मिनिटेही मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना तर वैयक्तिक उपकरणांसाठी आठवड्याला 40 तास, 80 डेसिबल ही मर्यादा सांगते. फोन आवाजाची नोंद ठेवतो म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की मध्ये वेगळा ॲम्प्लिफायर आला की कानापर्यंत काय पोहोचते हे फोनला कळत नाही.

माझ्याकडे यावर एकच उपाय आहे. टेबलावरच्या ॲम्प्लिफायरचे छिद्र जाड, 6.35 मिलिमीटरच्या पिनेचे आहे आणि आयईएमची पिन 3.5 मिलिमीटरची आहे. त्यांना जोडणारा ॲडॉप्टर मी घरातून काढून टाकला. आयईएम फक्त फोनच्या छोट्या डॅकवर, म्हणजे डिजिटल संकेताचे इअरफोनसाठी रूपांतर करणाऱ्या छोट्या यंत्रावर, चालतात, त्यामुळे घाईत चूक करायची म्हटली तरी करता येत नाही. लक्षात ठेवण्यावर माझा विश्वास नाही, रात्री अकरा वाजता कोणाच्याच काही लक्षात राहत नाही.

मंद्रसप्तक, पुणे (बुधवार, रात्री 9.00)

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. काल सकाळी तज्ज्ञांकडे गेलो आणि श्रवणरेषा यांनी सांगितलेले वाक्य कागदावर लिहून नेले होते. डॉक्टरांनी तो कागद वाचला, हातातले काम बाजूला ठेवले आणि मला आधी तपासणीच्या खोलीत पाठवले. पडदा शाबूत आहे. मळ होता, पण नळी बंद करण्याइतका नव्हता. उजव्या कानाची पातळी 3000 हर्ट्झला 35, 4000 ला 50 आणि 6000 ला 45 डेसिबल आली, तर डाव्या कानाची सर्वत्र 15 च्या आत आहे. 'म्म्म्' हा सूर घरी डावीकडेच ऐकू आला होता आणि कंपनकाट्यानेही तेच सांगितले.

माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून त्यांनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आहेत, आणि मी रोज दोन वेळा साखर तपासून वहीत लिहितो. पुढच्या आठवड्यात पुन्हा आलेख काढायचा आहे. किती सुधारेल हे डॉक्टरांनी सांगितले नाही, आणि खोटी आशा दाखवली नाही याचे मला बरे वाटले. तेल नको हे आईने एका वाक्यात मान्य केले. तिला लाल गोलांचा कागद दाखवला तेव्हा ती बराच वेळ त्याकडे पाहत राहिली.

मंद्रसप्तक, पुणे (सहा आठवड्यांनंतर)

पुढची हकीकत कळवण्याचे राहिले होते. कालच्या आलेखात 3000 हर्ट्झला 20, 4000 ला 35 आणि 6000 ला 30 डेसिबल आले आहेत. औषधाने किती भरून आले आणि शरीराने आपले आपण किती भरून काढले हे वेगळे करता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. शिट्टी दिवसा जाणवत नाही. रात्री दिवे मालवल्यावर ती असते, आणि पंख्याचा उपाय मलाही उपयोगी पडला.

ॲडॉप्टर मी ठाण्याच्या सल्ल्याप्रमाणे काढून टाकला आहे. हेडफोन अजून कपाटात आहेत. सकाळी छोट्या स्पीकरवर तंबोरा लावून बसतो आणि आवाज इतका ठेवतो की स्वयंपाकघरातून आईने हाक मारली तर ती ऐकू यावी.

काल रात्री अंगठा आणि तर्जनी पुन्हा उजव्या कानाशी घासून पाहिली. सळसळ ऐकू आली, डाव्या कानापेक्षा बारीक, पण आली. पुढची तपासणी 3 महिने पूर्ण झाल्यावर आहे, तो आलेखही येथे देईन.